मामाच्या नावाचा मध

माझा भाचा यशराज हसताना तोंडावर तळहात ठेवीत असे. ती त्याची लाजरी खोड समजून मी तिचे मोठे कौतुक करीत असे. त्या एवढ्याशा तळहाताआड माझ्याच आयुष्याची काळजी झाकलेली आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगू नये असाच त्याच्या आईचा निश्चय होता.

मी लालासाहेब. जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचे गाव आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले व पुढे मी सैन्यात चालक म्हणून भरती झालो. उंच डोंगरांतील चौक्यांवर रसद पोहोचविणे हे माझे काम. बर्फाने रस्ते बंद झाले म्हणजे पलटणीच्या वाचनालयातील पुस्तके वाचीत बसावे लागते, व त्या सवयीने चार ओळी लिहिण्याचेही धाडस होते. हे लिहिण्याचे कारण एवढेच, की ज्यांचे आभार मानावयाचे त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर माझे वाक्य पुरे होत नाही. कागदावर ते पुरे होईल अशी आशा आहे.

मागील सुट्टीत मी धाकट्या बहिणीला, क्रांतीला, भेटावयास तिच्या सासरी शिराळ्याकडे गेलो. निघताना बाबांनी मधाची बाटली पिशवीत घातली. बाबांच्या मधपेट्या आहेत, आणि आमच्या घरून क्रांतीकडे जो कोणी जाईल त्याच्या हाती एक बाटली जातेच. "संपला म्हणून निरोप आलाय तिचा," बाबा म्हणाले. इतक्या लवकर तो कसा संपतो, हे विचारण्याचे आम्हा दोघांसही सुचले नाही.

दारातच क्रांतीच्या सासूबाई, हरणाबाई, शेंगा फोडीत बसल्या होत्या.

"आलं का पावणं! सोडलं म्हणायचं मिलिटरीनं. पर लय काळं पडलायसा."

"बर्फात ऊन लय लागतंय, मावशी."

"आवं, तुमी बर्फात काळं, आमी उसात काळं. मग गोरं व्हायाला मानसानं जायाचं तरी कुठं?"

यशराजला तिसरे सरून चौथे लागले होते. तो धावत येऊन माझ्या पायांना बिलगला. मी त्यास उचलून फिरविले तेव्हा तो खदखदून हसला आणि हसतानाच त्याचा उजवा तळहात तोंडावर गेला. क्रांतीने मधाची बाटली दोन्ही हातांनी घेतली व ती स्वयंपाकघरात न नेता देव्हाऱ्यात, समईच्या शेजारी ठेवली. माहेरच्या वस्तूचा केवढा हा मान, असे माझ्या मनात आले आणि मला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या सेविका विजयमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"क्रांती, पोराला घिऊन चल बघू. सांगलीच्या दाताच्या डॉक्टर आल्यात. समदी पोरं दावून झाली, तुझंच तेवढं ऱ्हायलंय."

"त्याला ताप हाय, बाई."

"ताप? आत्ता शेरडामागं पळत हुता की गं! असला ताप आमाला बी येऊ दे एकदा."

मी पोराच्या कपाळास हात लावला. कपाळ माठासारखे गार होते. "ताप न्हाई, क्रांते," मी म्हणालो. "चल, मी बी येतो संगं."

"तू नगं येऊ, दादा!" ती इतक्या घाईने बोलली की विजयमालाबाईही तिच्याकडे पाहू लागल्या. परंतु तोपर्यंत यशराजने माझे बोट धरले होते, आणि हरणाबाई पदर सावरून उठल्या होत्या. "मी बी येते. माझी दाढ दावायची हाय," त्या म्हणाल्या. मग क्रांतीला निमूटपणे निघावेच लागले.

अंगणवाडीच्या सतरंजीवर दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. डॉक्टरांचे नाव फिरदोस. त्या माधवनगरच्या राहणाऱ्या, वयाने माझ्याहून लहान, परंतु बोलण्यात घरच्या वडीलधाऱ्या बाईसारखी माया. त्यांची तपासणीची रीत मी प्रथमच पाहिली. आईला समोरच्या खुर्चीवर बसवावयाचे, आपले गुडघे तिच्या गुडघ्यांना लावून मांडीची एक गादी करावयाची, आणि त्या गादीवर मुलाला उताणे निजवावयाचे. पाय आईच्या कुशीत, डोके डॉक्टरांच्या मांडीवर. मुलाने वर पाहिले की त्याला आईचा चेहरा दिसतो, म्हणून ते रडत नाही.

"ताई, घाबरू नका," त्या क्रांतीला म्हणाल्या. "मी दात काढायला आलेली नाही. ज्याचे दात किडलेत ते पोर कुणालाही सापडतं. मला ते पोर शोधायचंय ज्याचे अजून किडले नाहीत, पण पुढं किडायचा धोका आहे. त्याला वेळेवर धरलं तर वाचवता येतं. म्हणून आधी विचारते, मग बघते. गोड किती खातो?"

"बिस्कीट कवातरी. चा तर दावत बी न्हाई मी."

"झोपताना बाटली?"

"ती कवाच सोडवली."

"रात्री दूध पिल्यावर आणखी काही खायला-प्यायला?"

"काय सुदिक न्हाई."

"दात कोण घासतं?"

"मीच. बोटानं, मंजन लावून."

"तुमचे स्वतःचे दात किडलेत का कुठं?"

क्रांतीने आ करून दाखविला. तिचे दात लहानपणापासून मोत्यासारखे. डॉक्टरांना समाधान वाटलेले दिसले. येथे मला एक गोष्ट नमूद केली पाहिजे. माझ्या बहिणीने त्यांना फसविण्याच्या हेतूने काहीही सांगितले नाही. देवापुढे ठेवलेला नैवेद्य ज्याप्रमाणे कोणी आपल्या जेवणात धरीत नाही, त्याप्रमाणे एक गोष्ट तिने खाण्यात धरलीच नव्हती, इतकेच.

"उत्तरांवरून तर धोका कमीच वाटतो," डॉक्टर म्हणाल्या. "आता फक्त वरचा ओठ उचलून बघते."

त्यांची बोटे ओठाजवळ गेली मात्र, क्रांतीने खाली वाकून पोराच्या तोंडावर आपला तळहात दाबून धरला. हुबेहूब तसाच, जसा यशराज हसताना ठेवीत असे.

"वरचं न्हाई बघायचं! खालचं बघा काय बघायचं ते."

"ताई, किडीची सुरुवात या वयात वरच्या पुढच्या दातांवर होते, हिरडीच्या कडेला. तेच बघितलं नाही तर मी काय बघितलं? दुपारी आम्ही पुढच्या गावाला जाणार. परत यायचं तीन महिन्यांनी. आज नुसता पांढरा डाग असला तर तो थांबवता येईल. तोवर त्याचं भोक झालं तर मग नुसतं बुजवणं हातात राहतं."

क्रांतीने मान वर केली, परंतु डॉक्टरांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. "दादा," ती म्हणाली, "तू भाईर जा."

मी उठलो. परंतु हरणाबाईंनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसविले.

"बसा, पावणं. आन् तू आता सांगून टाक गं बाई! तीन सालं गिळून बसलीयास. मी तवाच म्हनलं हुतं, मामाला बोलीव. तर म्हनली, दादाला कळता कामा न्हाई!"

"आत्ती, गप बसा."

"लय बसले गप. आवं पावणं, ह्याचं वरचं दात आदी आलं!"

आमच्याकडील वाचकास अधिक सांगावयाची गरज नाही, इतरांसाठी लिहितो. मुलाचे खालचे दात प्रथम यावेत. वरचे आधी आले तर ते मामाच्या जिवाला जड, अशी आमच्याकडे समजूत आहे. मामाची सरळ दृष्टी त्या दातांवर पडू नये. आणि दुधाचे दात पडेपर्यंत ते गोड ठेवावेत, म्हणजे मामाचेही गोड होते. ही दुसरी गोष्ट आमच्या गावाकडच्या एका म्हाताऱ्या बाईने क्रांतीला सांगितलेली. त्यामुळे रोज रात्री पोर निजले म्हणजे, दिवा मालवून, देव्हाऱ्यातील मधात बोट बुडवून, माझे नाव घेऊन माझी बहीण त्याच्या वरच्या दातांवर ते बोट फिरवीत असे. मंजन ती बाकीच्या दातांना लावी, पण नवस गोड राहावा म्हणून त्या वरच्या दातांना ते लागूही देत नसे. मी सुट्टीवर आलो की "मामासमोर तोंड झाक" असे त्याला शिकवून ठेवलेले.

"मला का न्हाई सांगितलंस?" मी विचारले.

"घाटात गाडी चालवतोस तू. तुझ्या डोस्क्यात ह्यो किडा सोडायचा व्हता व्हय मी? आन् आता दात घासा म्हणतील, मध बंद करा म्हणतील." तिचा आवाज फुटला. "गेल्या सालच्या दरडीत तुझ्या म्होरली गाडी खाली गेली, तुझी कडंवर ऱ्हायली. कशानं ऱ्हायली? सांग की, दादा! कशानं?"

पुढच्या गाडीत माझे सोबती होते. ते का गेले आणि मी का राहिलो, हे मी स्वतःस अनेकदा विचारले आहे. तिच्याजवळ निदान एक उत्तर होते. सुट्टी संपवून मी पुन्हा त्याच रस्त्यावर जाणार होतो. तिच्या दृष्टीने पाहिल्यास एका बाजूला पोराचे चार दुधाचे दात आणि दुसऱ्या बाजूला भावाचा जीव. कोणती बहीण दात निवडील?

विजयमालाबाई चुकचुकल्या. "अगं शिकलेली ना तू!"

"बाई, थांबा," फिरदोस डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, घड्याळाकडेही त्यांनी पाहिले नाही. "माझा पहिला पडलेला दात माझ्या आजीनं आमच्या चाळीच्या कौलावर टाकला होता. अजून त्या घरावरून जाताना मी वर बघते. क्रांतीताई, भाऊ जगला पाहिजे आणि पोराचे दातही राहिले पाहिजेत. या दोन्हीत भांडण असलंच पाहिजे का? आजी, तुम्ही मघाशी म्हणालात मामाला बोलवायला हवं होतं. ते कशासाठी?"

हरणाबाई एकदम ताठ बसल्या. आपल्याला कोणी सल्ला विचारील अशी त्या जणू तीन वर्षे वाटच पाहत होत्या.

"उतारा असतोय की ह्याला! काशाच्या वाटीत पातळ तूप घ्यायचं. मामानं आपल्या हातानं पोराचा ओठ उचलायचा, आन् त्या तुपात दाताचं बिंब बघायचं. सरळ न्हाई बघायचं, बिंबात बघायचं. वाटी पोराला द्यायची. झालं! म्होरं मामाला धोका न्हाई आन् पोराला बी न्हाई."

डॉक्टरांनी समोरच्या ताटातून एक वस्तू उचलली. बारीक दांडीचा, रुपयाएवढा गोल आरसा होता तो. त्यांनी तो हरणाबाईंच्या हाती दिला.

"यात बिंबच दिसतं, आजी. चालेल का?"

हरणाबाईंनी आरसा खिडकीकडे धरला, उलटा केला, सुलटा केला, त्यात आपली दुखरी दाढही पाहून घेतली. मग निवाडा दिला.

"तुपात तरी कुणाला धड दिसतंय? मामानं 'दिसलं' म्हणायचं आन् सुटायचं. ह्यात तर दातातली भाकर बी दिसतीया. चालतंय! पर ओठ मामानंच उचलायचा. आन् वाटीची सूट न्हाई हां, पावणं."

"वाटी आजच आणतो, मावशी."

मी क्रांतीकडे पाहिले. तिचा तळहात अजून पोराच्या तोंडावर होता. "आत्ती, खरं सांगताय? दादाला काय व्हनार न्हाई?"

"मी माझ्या भावाचं केलंय की, पोरी. म्हातारा अजून मिशीला पीळ देत फिरतोय."

क्रांतीने तळहात उचलला.

मी हात धुतले. मोठमोठ्या गाड्यांची चाके फिरविणारे हे हात. त्या इवल्याशा ओठाला मी एकाच बोटाचे टोक लावले. यशराज डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत होता. "मामा, तोंड झाकू?" त्याने विचारले.

"न्हाई रं, गड्या. आज उघडायचं."

मी ओठ वर केला. डॉक्टरांनी आरसा तिरका धरला आणि त्यात मी माझ्या भाच्याचे वरचे दात पाहिले. पुढचे चार दात. त्यांच्या हिरडीलगत, भिंतीच्या पायाला चुन्याचा पट्टा ओढावा तशी, पांढरी निस्तेज रेघ होती. एका दाताच्या कडेला तपकिरी खळगा पडला होता, मोहरी मावेल एवढा.

"दिसलं का मामाला?" हरणाबाईंनी विधीप्रमाणे विचारले.

"दिसलं," मी म्हणालो.

फिरदोस डॉक्टरांनी मग क्रांतीला समजावून सांगितले. दिवसा लाळ दातांना धूत असते. निजल्यावर ती आटते. त्या वेळी दातावर लावलेला मध, तो कितीही शुद्ध असो, रात्रभर तेथेच राहतो व त्यावर पोसणारे जंतू दाताचा कस काढून घेतात. त्याचीच ती पांढरी रेघ. "मघाशी मी धोका कमी म्हणाले, ते चुकलं," त्या म्हणाल्या. "धोका जास्त आहे. पण तीन दातांची कीड अजून पांढऱ्या डागावरच आहे, म्हणजे ती थांबवता येईल. चौथा सांगलीत आमच्याकडं आणा, बुजवून देते. आज सगळ्या दातांना फ्लोराइडचा लेप लावते. तुम्ही आज आला नसता तर मला हे पोर सापडलं नसतं."

क्रांतीचे लक्ष तिकडे नव्हते. ती आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होती. "माझ्याच बोटानं केलं हे," ती पुटपुटली.

त्या क्षणी मी जे बोललो ते येथे शुद्ध करून लिहीत नाही. जसे निघाले तसे लिहितो.

"क्रांते, माझ्यासाठी रोज रातीला कोन दिवा मालवून नाव घेतंय, हे मला ठावं नव्हतं. तिकडं चौकीवर बर्फ पडायचं, झोप लागायची न्हाई, वाटायचं आपली आठवण कुणाला हाय का न्हाई. आन् तू हितं रोज... आगं, मी तुझं पांग कसं फेडू? पर आता ह्या बोटाचं काम बदल. नाव माझंच घे. मधाऐवजी ब्रश घे."

"वाटाण्याएवढी पेस्ट," डॉक्टरांनी लगेच मदत केली. "रात्री जेवण झाल्यावर, तुम्ही स्वतः घासायचं, मामाचं नाव घेऊन. नंतर तोंडात फक्त पाणी."

"नाव घितलं तर चालतंय न्हवं?" क्रांतीने सासूला विचारले.

"नाव कशानं बी घे की! देवाला काय मधच लागतोय व्हय?" हरणाबाई म्हणाल्या. "आन् ती बाटली मला दे. माझा खोकला लय दिसाचा हाय."

विजयमालाबाईंना हसू आवरेना. क्रांतीही हसली, रडता रडताच. डॉक्टरांनी यशराजच्या दातांवर लेप लावला, आज घासू नका म्हणून बजावले, आणि हरणाबाईंची दाढही पाहून घेतली. ती काढावी लागेल असे ऐकताच हरणाबाईंची दाढ तत्काळ दुखावयाची थांबली.

त्याच संध्याकाळी मी शिराळ्याच्या बाजारातून काशाची वाटी व एक लहान मऊ ब्रश आणला. क्रांतीचे यजमान कामाच्या पाळीवरून घरी आले होते, त्यांनाही सर्व सांगितले. "मध इतका कुठं जातोय म्हणून मी मांजरीवर आळ घेत व्हतो," ते म्हणाले. वाटी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली, आणि ब्रशही तिच्यातच.

सुट्टी संपली तेव्हा मला निरोप द्यावयास सर्व जण शिराळ्याच्या एस.टी. स्थानकावर आले. गाडी सुटताना मी खिडकीतून यशराजला वाकुल्या दाखविल्या. तो हसला आणि सवयीने त्याचा हात वर गेला. परंतु अर्ध्या वाटेवरून तो खाली आला. माझी सरळ दृष्टी त्याच्या दातांवर पडली. क्रांतीने क्षणभर डोळे मिटून घेतलेले मला दिसले. तेवढी भीती राहणारच. ती एका दिवसात जावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

त्यानंतर डोंगरातून जेव्हा जेव्हा फोन लागला, तेव्हा तिने प्रथम माझी खुशाली विचारली व मग दात घासल्याचे सांगितले. त्या दोन्ही गोष्टी तिच्या मनात आता एकत्रच नांदतात. त्या हिवाळ्यात मी पूर्ण वेळ त्याच रस्त्यावर गाडी चालविली. मला काही झाले नाही. कशाने झाले नाही, हे मी कोणास विचारलेले नाही.

पुढच्या सुट्टीत आम्ही यशराजला घेऊन सांगलीस गेलो. खळगा आधीच बुजविला होता. ही पुढची तपासणी होती. पोर आपण होऊन डॉक्टरांच्या मांडीवर डोके ठेवून निजले व म्हणाले, "मामा, तू उचल." मी ओठ उचलला. पांढऱ्या रेघा पुढे सरकल्या नव्हत्या. त्यांच्यावर थोडी चकाकीसुद्धा आली होती. "थांबलीय," फिरदोस डॉक्टर म्हणाल्या. "धोका गेला असं म्हणत नाही. पण उतरलाय."

मला त्यांचे आभार मानावयाचे होते. मी उभा राहिलो, "डॉक्टरसाहेब" एवढे म्हणालो आणि वाक्य तेथेच राहिले. त्यांनी मान हलविली व ओशाळून आरसा पुसावयास घेतला. कोणाच्याही श्रद्धेस न दुखविता एका घराचे दोन जीव त्यांनी सांभाळले, त्या उपकाराची ही लिहून केलेली पोच आहे. त्यांच्या वाचनात कधी आली तर त्यांनी ती स्वीकारावी.

आम्ही निघणार इतक्यात क्रांती दारातून मागे वळली.

"डॉक्टर, त्यो आरसा जरा मला बी द्या की."

"का हो?"

"म्या हे दात अंधारातच चाचपल्यात. तीन सालं. उजेडात कवा बघितलंच न्हाईत."

डॉक्टरांनी तिच्या हाती आरसा दिला. यशराजने तोंड उघडले. ओठ तिने स्वतः उचलला, आणि पुष्कळ वेळ ती त्या आरशात पाहत राहिली.